सदर सदस्य वगळून

आईनं एका गुडघ्यानं मोटर फळीवर दाबून धरली आणि तिसरा स्क्रू फिरवायला घेतला.

“टॉर्च हलवू नकोस.”

“मी नाही हलवत. हात हलतोय.”

“मग हाताला सांग.”

टकळीनं हाताला सांगितलं. टकळी हे काही तिचं हजेरीपटातलं नाव नव्हे. पण बोलायला लागल्यापासून तोंड म्हणून बंद नाही, त्यामुळे बाबानं एकदा ते ठेवलं आणि चिकटलं. आता नववीत गेली तरी मैत्रिणींपासून कोपऱ्यावरच्या दुकानदारापर्यंत सगळ्यांची ती टकळीच.

गाळा दहा बाय बाराचा. आधी इथं चपलांचं गोदाम होतं. भिंतींना अजून रबराचा वास यायचा. पण तीन आठवड्यांत आईनं त्याचं रूप पालटलं होतं. खिडकीपाशी कामाची फळी, फळीवर मेण वितळवायचा दिवा, खाली प्लास्टरची पोती, आणि एका चपट्या डबीत ओळीनं लावलेले नमुन्याचे दात, प्रत्येकाचा रंग निराळा. ‘दात पांढरे असतात’ असं कुणी म्हणालं की आई त्या डबीकडं नुसती बघायची. सोळा रंग होते, आणि तिच्या मते तेही कमीच. मोटर सगळ्यात शेवटी आली होती. तिच्या दोन्ही टोकांना घासायची चाकं. त्यावर धरली की कवळी आरशासारखी चकाकते. मोटर बसली की उद्यापासूनसुद्धा काम सुरू करता येणार होतं.

भिंतीला टेकून बोर्ड उभा होता. तो बाबानं स्वतः रंगवला होता. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचा. बोलावलं की जायचं, केलं तेवढ्याचे मिळायचे. रंगकामाशी त्याचा संबंध एवढाच, की घरात एक ब्रश होता. ‘दातांचं काम. कवळी दुरुस्ती.’ आणि खाली एक हसणारी बत्तिशी.

“घोडा हसतोय,” बोर्ड पाहिल्या पाहिल्या टकळी म्हणाली होती.

“घोड्यालाही म्हातारपणी कवळी लागतेच की,” बाबा म्हणाला होता.

आई सतरा वर्षं एकाच लॅबमध्ये कामाला होती. दंतवैद्य माप पाठवायचे, दात आई करायची, आणि डबीवर नाव मालकांचं जायचं. ती सोडून जायचं म्हणते हे कळल्यावर मालक चिडले नव्हते. तेच वाईट होतं. ते खुर्ची थोडी मागं सरकवून म्हणाले होते, “जा की बाई. खुशाल जा. राजीनामा तेवढा लेखी द्या, तोंडी मला ऐकू येत नाही. आणि शेवटच्या दिवशी पोरीचं कार्ड टेबलावर ठेवून जा.” आणि आई दारापर्यंत पोचल्यावर, “हां, आणि माझ्याकडे असेपर्यंत बाहेर एक दात जरी घासलात, तर कार्ड त्याच दिवशी परत.”

कार्ड म्हणजे दवाखान्याचं. लॅबच्या विम्याचं. टकळीच्या गोळ्या, वर्षातून दोनदा मेंदूची तपासणी, दोन वेळचं ॲडमिट होणं, सगळं त्या निळ्या कार्डावर चालायचं. मालकांना दातांमधलं काही येत नव्हतं, पण कुठं दाबलं की कळ मस्तकात जाते ते बरोबर माहीत होतं.

चौथा स्क्रू बसला तेव्हा अर्ध्या शटरखालून आधी एक काळी बॅग आत आली, आणि मग वाकून विमाकाका. ते बाबाच्या ओळखीचे विमा एजंट; निळं कार्ड गेल्यावर लागेल तो नवा विमा उतरवायला आले होते.

“वा वहिनी, दुकान झकास!” ते म्हणाले. “हा घोडा कशाला?”

टकळीनं बाबाला सांगायचं म्हणून ते वाक्य लक्षात ठेवलं.

फॉर्म कामाच्या फळीवरच भरायला घेतला. आई उभ्यानंच लिहीत होती. नाव, वय, उंची, वजन. कामाचा पत्ता म्हणून हा गाळा. तंबाखू, नाही. मद्य, नाही. मग चौदावा प्रश्न आला आणि आईचं पेन थांबलं. अपस्मार, आकडी, झटके, शुद्ध हरपणे. पुढं दोन चौकोन: होय, नाही.

“वहिनी, मी काही सांगत नाही हं,” विमाकाका म्हणाले. “मी फक्त मोठ्यानं विचार करतोय. ‘होय’ लिहिलंत तर एक तर पोरीला घेणारच नाहीत. घेतलीच, तर हप्ता या गाळ्याच्या भाड्याहून जास्त. आणि वर चार वर्षं त्या आजाराचा एक पैसा मिळणार नाही.”

“म्हणजे हप्ता आजपासून आणि विमा चार वर्षांनी?” टकळी म्हणाली.

“तसंच काहीसं.”

“मग चार वर्षं त्याला विमा का म्हणायचं?”

“हा प्रश्न फॉर्ममध्ये नाही, बाळा.”

आईनं विचारलं, “आणि ‘नाही’ लिहिलं, नंतर कळलं तर?”

“कळलं तर अवघड आहे. पण एकदा आत शिरा. काही वर्षं निघून गेली की मागचं फारसं कुणी उकरत नाही.” त्यांनी रुमालानं मान पुसली. “तपासणी होईल पोरीची. दहा मिनिटांचं काम. विचारलं तर काय सांगायचं ते तुम्ही बघा. मी तर विचार करायचा थांबलो बुवा.”

आईनं ‘नाही’च्या चौकोनात खूण केली. इतकी दाबून, की कागद फाटला आणि पेनचं टोक खालच्या फळीत रुतलं.

“म्हणजे मला फिट येत नाही,” टकळी म्हणाली.

“फॉर्मवर येत नाही.”

“आणि फरशीवर?”

आईनं फॉर्म विमाकाकांच्या हातात ठेवला आणि बोटांना न लागलेलं प्लास्टर कापडाला पुसत राहिली.

घरी येईपर्यंत टकळी एक अक्षर बोलली नाही. तिचा याहून मोठा आरडाओरडा असूच शकत नव्हता.

पंधराच दिवस झाले होते. शाळेत सगळ्या वर्गांसमोर माईक हातात घेऊन ती म्हणाली होती, “मला फिट येते. आली तर किंचाळू नका, मला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका आणि घड्याळ बघा. आणि मी शुद्धीवर आले की पहिल्यांदा मला सांगा की गणिताचा तास संपला.” सगळी शाळा हसली होती. तिच्याकडं बघून नाही, तिच्याबरोबर. दोन वर्षं ती मधल्या सुट्टीत भिंतीच्या कडेकडेनं चालायची, पडलो तर निदान एका बाजूला पडू म्हणून. त्या दिवसानंतर ती मैदानाच्या मधोमध चालायला लागली होती.

स्वयंपाकघरात आई भांडी घासत होती. घासत कसली, भांड्यांवर सूड उगवत होती.

“तूच म्हणालीस ना!” टकळी फुटलीच. “लपवायचं काय त्यात, म्हणालीस. चोरी केलीयस का तू, म्हणालीस. तुझीच वाक्यं आहेत. मी वहीत लिहून ठेवलीत!”

“शाळेत बोल म्हटलं होतं. विमा कंपनीत नाही.”

“तिथं काय वेगळं आहे?”

“तिथं टाळ्या वाजवत नाहीत.”

“अगं, तिला कशाला—” बाबा दारातून म्हणाला.

“तुम्ही लिफ्टमध्येच थांबा,” आई म्हणाली, आणि नळ एवढ्या जोरात बंद केला की तो किंचाळला. ती वळली. तिचे हात कोपरापर्यंत ओले होते. “सतरा वर्षं मी त्या माणसाचं नाव लोकांच्या तोंडात बसवतेय. सतरा वर्षं. माझ्या हातचे दात घेऊन माणसं लग्नात हसतात, कोर्टात खोटं बोलतात, नातवंडांचे पापे घेतात, आणि डबीवर कोण? तो. त्याला साधा मेणाचा तुकडा धरता येत नाही! मला एकदा माझं काम माझ्या दारात करायचंय. त्यासाठी तुला एक शब्द गिळावा लागला तर गिळ. मी रोज गिळते.”

टकळीला बोलायला दहा वाक्यं सुचली. पण जीभ आपोआप वरच्या पुढच्या दातामागं जाऊन टेकली. राग आला की ती तिथंच जायची.

तो दात आईनं केलेला होता. दोन वर्षांपूर्वी पहिली फिट आली ती शाळेच्या पायऱ्यांवर; डोळे उघडले तेव्हा तोंडात रक्त होतं आणि पुढचा दात अर्धा नव्हता. आईनं त्याची कॅप सहा वेळा केली. पाच फेकून दिल्या. दर वेळी टकळीला खिडकीशी उभं करून ती उजेडात बघायची, ढग आला की थांबायची. शेजारच्या खऱ्या दातावर मोहरीएवढा पांढरट ठिपका होता. आईनं तसाच ठिपका या दातावरही दिला, पण जरा खाली सरकवून, आणि कडेला केसासारखी एक रेघ. “जुळे दात खोटे दिसतात,” ती म्हणाली होती. “खरे दात भावंडांसारखे असतात.” तो बसवणाऱ्या दंतवैद्यांनी बसवला त्याच दुपारी चुकून शेजारच्याच दाताला टिचकी मारून विचारलं होतं, घट्ट बसलाय ना?

तपासणी कंपनीनं नेमलेल्या डॉक्टरांकडं होती. जिना चढताना आईनं बजावलं, “विचारतील तेवढंच. हो, नाही. तिसरा शब्द नाही.”

“‘कदाचित’ चालेल?”

“टकळे.”

डॉक्टर माणूस काही वाईट नव्हते. थकलेले होते, आणि गप्प बसून काम करणं त्यांच्यानं होत नसावं. वजनकाट्यावरून उतरेपर्यंत त्यांनी हवा, रस्त्यावरचं खोदकाम आणि कंपनीचे लांबलचक फॉर्म या तिन्हींना नावं ठेवून घेतली. मग ते कागद बघून एका दमात वाचू लागले. “दमा नाही? हृदयविकार नाही? कावीळ नाही? अपस्मार आकडी झटके शुद्ध हरपणे नाही?”

“नाही,” टकळी म्हणाली.

किती बारका शब्द. तोंडातून निघाला, आणि तिला वाटलं, आपण पुन्हा भिंतीच्या कडेकडेनं चालतोय.

डॉक्टरांनी खूण केली. पान उलटलं. खुर्चीत बसलेल्या आईचे खांदे इंचभर खाली आले.

“आ कर. मोठा.” टॉर्चचा उजेड आत फिरला. “वा! दात छान आहेत हो हिचे. आई काय करते?”

“दातांच्या लॅबमध्ये आहे,” आई म्हणाली.

“असं होय!” डॉक्टर हसले. “म्हणजे जगाला नकली आणि लेकीला अस्सल! रागावू नका हं, पण नकली दात मला रस्त्याच्या पलीकडून ओळखू येतात. आमच्या सासऱ्यांची कवळी आहे ना, आधी ती बोलते, मग सासरे. लॅबवाले काय, उरकून टाकतात हो. नंतर दंतवैद्य बिचारे घासत बसतात.”

आईनं पर्सचा बंद एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. चेहऱ्यावर ते हसू आणलं, जे ती मालकांसमोर आणायची. ओठ ताणलेले, डोळे भलतीकडंच.

ते हसू बघितलं आणि टकळीच्या डोक्यात तिडीक गेली.

“यातला एक खोटा आहे,” ती म्हणाली. “ओळखा.”

आईच्या हातातली पर्स थांबली.

“काय म्हणतेस!” डॉक्टरांना मजा वाटली. त्यांनी टॉर्च पुन्हा लावली, चष्मा वर केला, वाकले. “हा. हा वरच्या ठिपक्याचा.”

“चूक.”

“मग हा त्याच्या डावीकडचा.”

“चूक!”

“टॉर्चखाली कसं कळेल?” आईच्या तोंडून निघून गेलं. ती उठून उभीसुद्धा राहिली होती. “खिडकीशी घ्या तिला. पिवळ्या उजेडात सगळेच दात सारखे.”

डॉक्टरांनी टकळीला खिडकीशी नेलं. हनुवटी धरून डावीकडं वळवली, उजवीकडं वळवली. खूप वेळ गेला. रस्त्यावरचं खोदकाम धडधडत होतं.

“हरलो,” ते शेवटी म्हणाले, आणि टकळीनं बोट ठेवून दाखवलं तेव्हा त्यांनी त्या दाताला नखानं हळूच स्पर्श केला, एखाद्याला झोपेतून उठवू नये तसा. “कुणी केला?”

“आईनं.”

“कमाल आहे बुवा.” ते टेबलाकडं परतले, अजून मान हलवत. कागद समोर होता, पेन हातात आलं, आणि सवयीनं पुढचा प्रश्न आला. “कसा तुटला?”

“सायकलवरून,” टकळी म्हणाली.

“पायऱ्यांवरून,” आई म्हणाली.

दोन्ही एकदमच.

डॉक्टरांनी एकीकडून दुसरीकडं बघितलं. “सायकल पायऱ्या उतरत होती का?”

कुणी हसलं नाही. त्यांनी चौदाव्या प्रश्नाचं पान परत समोर घेतलं. मग पेन आडवं ठेवलं आणि आवाज खाली आणला. “हे बघा, मी सायकल लिहितो. माझं काही जात नाही.”

टकळीनं खाली बघितलं. चपलेचा बंद, फरशीची भेग. आपल्या तोंडानं आईचं दुकान गिळलं, असं काहीतरी तिच्या मनात आलं आणि कानशिलं तापली. तिनं वर बघायचं धाडस केलं तेव्हा आई तिच्याकडंच बघत होती. रागानं, पण तो राग टकळीच्या अंगावरून पलीकडं जात होता, त्या कागदाकडं.

“फिट लिहा,” आई म्हणाली. “दोन वर्षांपूर्वी. शाळेच्या पायऱ्यांवर. गोळ्या सकाळ-संध्याकाळ. आठ महिन्यांत एकही आलेली नाही, तेही लिहा. आणि दात मी केलाय, ते लिहा.”

“त्याला रकाना नाही हो.”

“नसेलच,” आई म्हणाली. तिनं टेबलावरची चालूच राहिलेली टॉर्च उचलली, बंद केली आणि जागेवर ठेवली.

जिना उतरताना टकळी म्हणाली, “आई, माझ्यामुळे—”

“गप्प.”

आई दोन-दोन पायऱ्या एकदम उतरत होती.

“तिसऱ्यांदाही चुकला असता,” ती अचानक म्हणाली. “दिवसभर बघत बसला असता तरी.”

कंपनीचं पत्र बारा दिवसांनी आलं. गुळगुळीत कागदावर. सदर सदस्य वगळून उर्वरित दोन सदस्यांना विमा संरक्षण देण्यास कंपनीस आनंद होत आहे. म्हणजे आईला आणि बाबाला, ज्यांना सर्दीशिवाय काही होत नव्हतं, त्यांना विमा मिळाला होता. जिच्यासाठी सगळं चाललं होतं, तिला वगळून. आणि कंपनीला त्याचा आनंद होत होता.

“सदर सदस्याला भूक लागली आहे,” टकळी म्हणाली.

बाबा हसला. दुसऱ्या दिवशी सदर सदस्य अंघोळीला गेली, सदर सदस्यानं गृहपाठ केला नाही, सदर सदस्याला बाईंनी वर्गाबाहेर उभं केलं. तिसऱ्या दिवशी बाबाला हसू येईना. टकळीनं मग पत्राच्या पाठीमागं उत्तर लिहिलं: ‘महोदय, सदर सदस्य जिवंत आहे. सदर सदस्य चौदा वर्षांची आहे आणि तिला तुमच्या आनंदाचा राग आला आहे.’ चार वेळा अधोरेखित केलं. पेन कागदातून पलीकडं गेलं तेव्हा तिला आईनं केलेली ती खूण आठवली, आणि तिनं पत्र घडी घालून ठेवून दिलं. पाठवायचं कुणाला? सही केली होती तीसुद्धा छापील.

राजीनाम्याचा कागद आईच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात होता, तो तिथंच राहिला. रविवारी दुपारी ती म्हणाली, “चल. टॉर्च घे. महिना संपायच्या आत गाळा मोकळा करून द्यायचाय.”

स्क्रू घालायला जितका वेळ लागला होता, त्याच्या निम्म्यात निघत होते. पहिला निघाला. दुसरा. तिसरा. टकळीनं या खेपेला हात अगदी स्थिर ठेवला होता, आणि त्याचाही तिला राग येत होता.

शटरवर कुणीतरी काठी वाजवली.

“दातवाल्या बाई— टक— इथंच का?”

एक आजोबा वाकून आत डोकावत होते. शर्टाचं वरचं बटण लावलेलं, हातात एक चिठ्ठी. प्रत्येक चार शब्दांमागं त्यांच्या तोंडात काहीतरी आपटत होतं.

“बंद आहे,” आई म्हणाली.

“जावयानं— टक— पाठवलंय. डॉक्टर आहे. म्हणाला— टक— बोलू नका, नुसती चिठ्ठी द्या.” ते ओशाळून हसले. “कवळी आधी बोलते म्हणतो माझी.”

टकळीनं चिठ्ठी घेतली. औषधं लिहायच्या कागदाचा तुकडा होता. गाळ्याचा पत्ता, आणि त्याखाली त्या डॉक्टरी अक्षरात एकच ओळ. तिनं ती मोठ्यानं वाचली. “‘या बाईंनी केलेला दात मी दोनदा चुकीचा ओळखला. तुमचं काम यांच्याच हातून करून घ्या.’”

आईनं चिठ्ठी घेऊन स्वतः वाचली. उलटून मागची कोरी बाजूही बघितली. मग ती दिव्यापाशी टाचणीनं खोचली, आणि आजोबांना म्हणाली, “बसा. काढा.”

कवळी हातात आल्याबरोबर तिचा चेहराच बदलला. ती खिडकीशी गेली, कवळी उजेडात तिरपी धरली, आणि दातओठ खाऊन म्हणाली, “ही कुणी केली? माणूस होता की गवंडी?” आजोबांना निळा कार्बनचा कागद चावायला दिला. डाव्या बाजूच्या दाढेवर ठसठशीत डाग उमटला, उजवीकडं काहीच नाही. “केसाएवढी उंच आहे. इतकी वर्षं माणूस आपटत बसलाय, आणि कुणाला...” ती थांबली. “टकळे, स्क्रू.”

“काढलेले?”

“मग काय न काढलेले? एका स्क्रूवर मोटर उडून जाईल.”

तीन स्क्रू परत आत गेले. मोटर घरघरली. आई श्वास रोखून कवळी चाकाला लावायची, क्षणभर, आणि काढायची; पुन्हा कागद, पुन्हा चाक. गुलाबी धूळ तिच्या भुवयांवर बसली. पाचव्या खेपेला दोन्ही बाजूंना सारखे निळे ठिपके उमटले. तिनं कवळी धुतली, चकाकवली, आणि दिली.

आजोबांनी ती बसवली. त्यांनी आधी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटून बघितलं. मग स्वतःचं नाव घेतलं. मग जावयाला एक सणसणीत शिवी दिली, अडखळल्याशिवाय, आणि दोघींकडं बघून डोळे मिचकावले.

“परत आपटायला लागली तर?” ते उठत म्हणाले. “तुमचं उघडं कधी असतं?”

आईचे हात कापडातच राहिले. मोटर अजून फिरत होती, हळूहळू, विजेवाचून. टकळीला मालक दिसले, त्यांची मागं सरकलेली खुर्ची दिसली. एक दात जरी घासलात. निळं कार्ड आईच्या पर्समध्ये होतं, राजीनाम्याच्या शेजारी, आणि पर्स तिथं खुंटीला लटकत होती.

“साडेसहानंतर,” आई म्हणाली. “बाहेर बोर्ड नसेल. शटर अर्धं खाली असेल. दोनदा वाजवा, मी उघडते.”

“आमच्या ओळखीत बरेच आहेत असे टकटकणारे. सांगू त्यांना?”

आई टकळीकडं बघत राहिली. हुकूम करायला बघते तशी नाही. कार्ड ज्याचं आहे त्याला विचारावं, तशी.

टकळीच्या तोंडात नेहमीसारखी दहा वाक्यं गोळा झाली. जीभ पुढच्या दातामागं टेकली. ती भिंतीशी गेली, हसणारा घोडा दोन्ही हातांनी उचलला, आणि बोर्डाचं तोंड भिंतीकडं करून ठेवला.

“सांगा,” ती म्हणाली. “पण कानात.”

आजोबांनी मान डोलावली आणि तोंड मिटलं. कसलाही आवाज झाला नाही.